शृंगारिक लावणी

शृंगारिक लावणी : स्त्रीपुरुषांच्या लौकिक प्रेमाचे चित्रण करणारा व नृत्य-अभिनयाच्या साथीने गायिला जाणारा मराठी गीतप्रकार. पोवाडा आणि लावणी ही मराठी शाहिरी कवितेची दोन प्रमुख अंगे होत. पोवाडा मुख्यत्वे पराक्रमाचे व ऐतिहासिक घटनांचे निवेदन करतो. लावणीचे क्षेत्र त्याहून व्यापक आहे. भक्ती, अध्यात्म, पुराणकथा, लोकव्यवहार, कूटप्रश्न अशा अनेक विषयांवर लावण्या रचल्या गेल्या. तथापि लोकमानसात लावणी म्हणून जी रुजली ती शृंगारिक लावणीच होय. तिचे आज परिचित असलेले रूप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी घडले आणि त्या जडणघडणीत पुणे शहराचा वाटा मोठा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली व लावणीचे आश्रयदाते नाहीसे झाले. परंतु लावणी टिकून राहिली. या टिकाऊपणाचे मूळ तिच्यातील नायिकेच्या बोलण्यात आहे. बहुतेक लावण्या पुरुषांनी रचल्या, पण त्यांतील बोलणारी व्यक्ती अनेकदा स्त्री आहे. पुरुषांनी कल्पिलेला हा आवाज पुढील दोन शतकांत प्रत्यक्ष स्त्री कलावंतांनी आपलासा केला, हा या गीतप्रकाराच्या इतिहासाचा गाभा होय.

व्युत्पत्ती व पूर्वपरंपरा : ‘लावणी’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ‘लवण’ म्हणजे मीठ, त्यावरून ‘लावण्य’ व त्यावरून ‘लावणी’ अशी एक उपपत्ती मांडली जाते. शेतात रोपांची जशी लावणी करतात, तशी अक्षरांची व शब्दांची तालात केलेली लावणी, असा दुसरा अर्थ सांगितला जातो. ‘लापनिका’ या गीतवाचक शब्दाशीही काहींनी तिचा संबंध जोडला आहे. यांपैकी कोणतीही उपपत्ती स्वीकारली, तरी चाल, ताल व शब्दांची गुंफण यांवर या प्रकाराची भिस्त आहे, एवढे स्पष्ट होते.

शृंगारिक लावणीची भावसृष्टी मात्र शब्दापेक्षा पुष्कळ जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाहा सत्तसई या माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात सुमारे सातशे गाथा आहेत. त्यांतील अनेक गाथांमध्ये प्रवासाला गेलेल्या पतीची वाट पाहणारी, पावसाळ्याच्या चाहुलीने व्याकुळ होणारी, सखीजवळ मन मोकळे करणारी ग्रामीण स्त्री भेटते. राजसभेतील नायिकेपेक्षा शेतकऱ्याच्या घरातील स्त्रीचे बोलणे या गाथांना अधिक जवळचे आहे. मध्ययुगात संतकवींच्या गौळणींनी कृष्ण व गोपी यांच्या निमित्ताने प्रेमाची भाषा लोकांच्या ओठी ठेवली. एकनाथांच्या गौळणींत थट्टा, तक्रार व ओढ हे तिन्ही भाव एकत्र आढळतात. तमाशातील गण, गौळण, बतावणी, लावणी व वग या क्रमात गौळण लावणीच्या आधी येते. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही हा क्रम सूचक आहे : गौळणीत देवाच्या आवरणाखाली असलेले प्रेम लावणीत ते आवरण बाजूला सारून प्रकट झाले.

पेशवेकालीन पुणे : अठराव्या शतकात पुणे हे मराठी सत्तेचे केंद्र झाले. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० ते १७३२ या काळात झाले आणि त्याच्या भोवती पेठा वाढत गेल्या. सरदार, शिलेदार, सावकार, कारकून, कारागीर व निरनिराळ्या प्रांतांतून आलेले सैनिक यांची वस्ती शहरात झाली. पैसा आणि फुरसत असलेला एक मोठा श्रोतृवर्ग यामुळे तयार झाला. उत्तरेकडील स्वाऱ्यांमुळे मराठी सरदारांचा हिंदुस्थानी संगीत व नाच यांच्याशी परिचय वाढला होता. कलावंतिणींची वस्ती म्हणून प्रसिद्ध असलेली बावनखणी याच काळातील होय.

मराठी सैन्याच्या जीवनक्रमाचाही लावणीशी निकटचा संबंध आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलुखगिरीवर जात आणि बहुधा पावसाळ्याच्या सुमारास परतत. मोठ्या मोहिमा मात्र वर्षानुवर्षे चालत. १७६१ च्या पानिपतच्या युद्धातून हजारो माणसे परतली नाहीत. दीर्घ विरह, परतण्याची अनिश्चितता आणि पावसाळ्यातील भेट हा शेकडो घरांचा नित्याचा अनुभव होता. लावणीतील विरहिणी ही संस्कृत काव्यशास्त्रातील प्रोषितभर्तृकेची वंशज असली, तरी पेशवाईतील श्रोत्यांना ती केवळ काव्यसंकेत वाटण्याचे कारण नव्हते. छावणीतील शिपायाला तिच्या मुखाने आपल्या घराची आठवण होत असे.

सवाई माधवराव पेशवे यांच्या कारकीर्दीत (१७७४–९५) शहराला स्थैर्य व वैभव लाभले. त्यांच्या रंगोत्सवावरील शाहीर प्रभाकराचा पोवाडा प्रसिद्ध आहे. शाहिरांना उदार आश्रय मिळाला तो मुख्यतः दुसरा बाजीराव याच्या काळात (१७९६–१८१८). राज्यकारभार खिळखिळा होत असताना नाच व तमाशे यांना मिळालेला हा बहर पुढील काळातील टीकेचा विषय ठरला आणि शृंगारिक लावणीकडे ऱ्हासकाळाचे लक्षण म्हणून पाहण्याची प्रथा पडली. हा निष्कर्ष पूर्णतः ग्राह्य मानता येत नाही. लावणीचे अनेक प्रमुख कवी बाजीरावाच्या पेशवेपदापूर्वीच रचना करू लागले होते, आणि त्यांचे श्रोते वाड्याप्रमाणेच जत्रा, बाजार व छावण्या यांतही होते. दरबाराने लावणीला पैसा व प्रतिष्ठा दिली. ती निर्माण मात्र लोकांत झाली होती.

प्रमुख शाहीर : पेशवाईतील लावणीकार निरनिराळ्या जातींतून व प्रदेशांतून आलेले होते. अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचा. लावण्यांप्रमाणेच उपदेशपर फटक्यांसाठी त्याची ख्याती आहे. अहिल्याबाई होळकर यांच्या उपदेशामुळे तमाशा सोडून तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. परशराम हा सिन्नरजवळील बावी गावचा, व्यवसायाने शिंपी. प्रभाकर जनार्दन दातार याचे मूळ गाव कोकणातील मुरूड. त्याचे आयुष्य पुण्यात गेले व गंगू हैबतीच्या फडासाठी त्याने कवने रचली. सगनभाऊ हा मूळचा जेजुरीचा मुसलमान शिकलगार. पुणे हेच त्याचेही कार्यक्षेत्र होते.

राम जोशी (१७६२–१८१२) हा सोलापूरच्या वैदिक ब्राह्मण घराण्यातील. तमाशाच्या नादामुळे वडील बंधूचा रोष ओढवून त्याला घर सोडावे लागले. पंढरपूर येथे त्याने संस्कृतचे अध्ययन केले. पुढे तो पुण्यास आला व आपल्या फडाने शहर गाजविले. मोरोपंतांशी त्याचा स्नेह होता आणि मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकप्रिय करण्याचे श्रेय त्याला दिले जाते. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही त्याची लावणी मराठीतील सर्वांत प्रसिद्ध प्रेमगीतांपैकी एक होय. तीत एका रूपवतीचे वर्णन पुरुषाच्या दृष्टीतून येते. संस्कृत अलंकारपद्धतीचे संस्कार, नादमय अनुप्रास आणि बोलीतील झपाटा यांचे मिश्रण हे राम जोशीच्या शैलीचे वैशिष्ट्य असून, पंडित आणि सामान्य श्रोता या दोघांनाही ही लावणी त्यामुळे आपली वाटली.

पुणे शहराशी सर्वाधिक निगडित असलेले नाव होनाजी बाळा हे होय. ते एका व्यक्तीचे नाव नसून जोडीचे आहे. होनाजी शिलारखाने हा पुण्यातील गवळी समाजातील कवी, तर बाळा करंजकर हा त्याच्या रचना गाणारा साथीदार. होनाजीच्या लावणीत राम जोशीची विद्वत्ता नाही. तिच्याऐवजी घरगुती शब्दकळा, मृदू नाद व भावनेचा ओलावा आहे. दुसऱ्या बाजीरावाचा या जोडीला आश्रय होता. लावणीला रागदारीची बैठक देणे, ढोलकीच्या जागी तबला आणणे व बैठकीच्या लावणीला आकार देणे या गोष्टी परंपरा होनाजीच्या नावावर मांडते. ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी त्याच्याच नावाने घरोघरी पोहोचली. एकाच कवीकडून पहाटेची भूपाळी आणि रात्रीच्या बैठकीची लावणी निर्माण व्हावी, यात त्या काळच्या श्रोत्यांना विसंगती वाटत नसे.

लावणीविषयीचा संकोच मात्र तिच्या भरभराटीच्या काळातही दिसतो. राम जोशी व अनंत फंदी या दोघांच्याही चरित्रकथा तमाशाकडून कीर्तनाकडे जातात. शाहिराचे चरित्र सांगताना त्याला उत्तरायुष्यात पश्चात्ताप झाला, असे दाखविण्याची गरज निवेदकांना वाटली. लावणी ऐकावयाची, परंतु तिच्याशी असलेले नाते उघडपणे मान्य करावयाचे नाही, अशी ही दुहेरी वृत्ती पुढेही कायम राहिली.

विषय व नायिका : शृंगारिक लावणीत संभोगशृंगार व विप्रलंभशृंगार हे दोन्ही प्रकार आढळतात. रूपवर्णन, प्रियकराची वाट पाहणे, रुसवा, सवतीमत्सर, भेटीचा आनंद आणि निरोप हे तिचे नेहमीचे प्रसंग होत. काव्यशास्त्रातील वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, अभिसारिका या नायिका तीत सहज ओळखता येतात; परंतु त्यांचे वेश व परिसर मराठी आहेत. शालू, पैठणी, नथ, बुगडी, विडा, माडी, होळीचा रंग, श्रावणातील सरी यांनी ही सृष्टी भरलेली आहे.

लावणीची नायिका नेहमी गणिका किंवा परकीया असते, हा समज बरोबर नाही. पेशवेकालीन लावण्यांत विवाहित स्त्रीने पतीला उद्देशून बोललेल्या रचना लक्षणीय आहेत. स्वारीवर निघालेल्या पतीची विनवणी, त्याच्या पत्राची प्रतीक्षा, अपत्याची इच्छा, गर्भवतीचे डोहाळे हे विषय त्यांत येतात. या स्त्रीचे बोलणे संकोचाचे नाही. ती आपली इच्छा सांगते, तक्रार करते, प्रियकराला खोटे पाडते व प्रसंगी त्याची चेष्टा करते. तत्कालीन समाजात स्त्रीला ज्या गोष्टी उघडपणे बोलता येत नव्हत्या, त्या लावणीतील नायिका भर मैफलीत बोलते. हेच शृंगारिक लावणीचे मोठे आकर्षण होय.

हा आवाज स्त्रीचा असला, तरी त्याचे कर्ते पुरुष होते, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. नायिकेची उत्कटता अनेक लावण्यांत पुरुषश्रोत्याच्या सुखासाठी योजलेली आहे. पेशवाईतील फडांत स्त्रीची भूमिकाही बहुधा ‘नाच्या पोऱ्या’ म्हणजे स्त्रीवेषातील मुलगा करीत असे. शब्द पुरुषाचे, गळा पुरुषाचा व अंगविक्षेप मुलाचे, अशी लावणीतील स्त्री पुष्कळदा पुरुषांनीच उभी केलेली असे. प्रत्यक्ष स्त्रिया गात व नाचत त्या कलावंतिणींच्या बैठकांत. याच काळात कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, हे पेशवे दप्तरातील नोंदींवरून दिसते. लावणीतील मनस्वी नायिका आणि शहरातील पराधीन स्त्री या दोघी एकाच काळात व एकाच पुण्यात वावरत होत्या.

रचना व सादरीकरण : लावणीची रचना ध्रुपद व कडवी अशी असते. ध्रुपदातील कल्पना प्रत्येक कडव्यात निराळ्या प्रसंगाने विस्तारली जाते आणि कडव्याच्या शेवटी पुन्हा ध्रुपदाकडे येते. अखेरच्या कडव्यात कवीची, क्वचित गुरूची वा गायकाची नाममुद्रा असते. पाठांतराने पसरणाऱ्या या वाङ्मयात कर्तृत्वाची तीच खूण होय. लावण्या मात्राबद्ध असून अष्टमात्रक आवर्तने त्यांत विशेष आढळतात. माधवराव पटवर्धन यांनी छंदोरचना या ग्रंथात अशा जातिरचनांचे शास्त्रशुद्ध विवेचन केले आहे.

सादरीकरणावरून लावणीचे अनेक भेद होतात. फडाची लावणी मोकळ्या रंगमंचावर ढोलकी, तुणतुणे, झांज व कडे यांच्या साथीने उभ्याने गातात. तीत झील धरणारे साथीदार ध्रुपद उचलून धरतात. बैठकीच्या लावणीत गायिका बसून, तबला व सारंगी किंवा पुढील काळात पेटी यांच्या साथीने, मुद्राभिनय व हस्ताभिनय करीत गाते. बालेघाटी ही संथ लयीची, विरहाला अनुकूल. छक्कड ही आटोपशीर व चटकदार. सवाल-जवाबाची लावणी दोन पक्षांच्या चढाओढीतून फुलणारी. कलगी आणि तुरा या दोन पंथांतील भेदिक लावणी अध्यात्म व कूट यांच्याकडे झुकलेली असून ती शृंगारिक लावणीहून वेगळी पडते.

बैठकीच्या लावणीत शब्दापेक्षा ‘अदा’ महत्त्वाची ठरते. एकच ओळ गायिका अनेक वेळा घेते आणि दर वेळी तिचा निराळा अर्थ डोळ्यांनी, भुवईने वा पदराच्या हालचालीने सुचविते. रुसवा, लाज, उपहास, आर्जव हे सर्व एकाच शब्दसमूहातून निघतात. छापील लावणी वाचताना साधी वाटणारी ओळ बैठकीत विस्तारते ती यामुळे. गायिकेला मिळणाऱ्या या अवकाशातूनच कवीने लिहिलेली नायिका हळूहळू तिच्या स्वाधीन झाली. उत्तर भारतातील ठुमरीशी या बाबतीत लावणीचे जवळचे साम्य आहे. ठुमरीतही शब्द प्रायः नायिकेचे असतात आणि अर्थाचा विस्तार अदाकारीने होतो. अवधचा नबाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये पदच्युत झाल्यावरही ठुमरी टिकली, ती दरबाराबाहेरील गायिकांच्या कंठात. पुण्यातील लावणीची कथा त्याआधी सुमारे चार दशकांची, परंतु त्याच जातीची आहे.

पेशवाईनंतर : नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी पुणे ताब्यात घेतले. पदच्युत बाजीरावाची रवानगी उत्तरेस ब्रह्मावर्त (बिठूर) येथे झाली. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातील इमारती जळून गेल्या. सगनभाऊ, प्रभाकर, होनाजी यांची उत्तरायुष्ये या पडत्या काळात गेली. आश्रय तुटल्यानंतर फड जत्रांकडे व लहानमोठ्या गावांकडे वळले. यापूर्वी वाड्यात व चौकात अशा दोन्ही ठिकाणी गायिली जाणारी लावणी आता बहुतांशी ग्रामीण व श्रमिक वर्गाची झाली. महार, मांग, कोल्हाटी इ. समाजांतील कलावंतांनी ती जतन केली.

नवशिक्षित मध्यमवर्गाने मात्र तिच्याकडे पाठ फिरविली. व्हिक्टोरियन नीतिकल्पना आणि जुने सोवळे यांचा संगम होऊन लावणी अशिष्ट ठरली. सत्यशोधक चळवळीने तमाशाचा ढाचा प्रबोधनासाठी स्वीकारला, परंतु जलशांतून शृंगार वगळला. पुढे आंबेडकरी जलशांनीही तोच मार्ग अनुसरला. या समाजांतील स्त्रियांना नाचगाण्यासाठी गृहीत धरले जात होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा नकार केवळ सोवळेपणाचा नव्हता. तो आत्मसन्मानाचा प्रश्न होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावणीला पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या रूपाने मोठा कवी लाभला. श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव, रेठरे हरणाक्ष (जि. सांगली) येथील कुलकर्णीपण सोडून ते तमाशात आले. महार समाजातील पवळा ही त्यांच्या फडातील प्रमुख कलावंत. तमाशाच्या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या आरंभीच्या स्त्रियांत तिची गणना होते. तिच्यासारख्या कलावंतांबरोबर ‘नाच्या पोऱ्या’ची जागा स्त्रीने घेतली आणि लावणीतील बोलणारी स्त्री व गाणारी व्यक्ती यांतील अंतर प्रथमच कमी झाले. मात्र कीर्ती व हालअपेष्टा दोघांच्याही वाट्याला आल्या. बापूरावांचे अखेरचे दिवस पुण्यात विपन्नावस्थेत गेले.

संकलन व अभ्यास : लावण्या प्रथम बाडांतून व पाठांतरातून टिकल्या. पोवाडे व लावण्या मिळवून छापण्याच्या कामात शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा वाटा मोठा आहे. हॅरी ॲक्वर्थ यांच्या सहकार्याने त्यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे निरनिराळ्या शाहिरांच्या लावण्याही संपादिल्या. य. न. केळकर यांनी पुण्यात राहून शाहिरी वाङ्मयाचा दीर्घकाळ शोध घेतला. तोवर अप्रकाशित राहिलेल्या रचना त्यांनी अंधारातील लावण्या (१९५६) या संग्रहात आणल्या. त्याच वर्षी म. वा. धोंड यांचे मऱ्हाटी लावणी हे विवेचन प्रसिद्ध झाले. लावणी म्हणजे केवळ शृंगारगीत नव्हे, तर सामान्य जनांच्या रंजनासाठी रचलेला व्यापक गीतप्रकार, ही भूमिका त्यामुळे दृढ झाली. गंगाधर मोरजे यांनी लावणीवाङ्मयाचा विस्तृत संशोधनपर अभ्यास केला. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी जात, लिंगभाव व श्रम या अंगांनी लावणीचा विचार केला आणि संहितेवर केंद्रित असलेली दृष्टी लावणी सादर करणाऱ्या स्त्रीकडे वळविली.

रंगभूमी व चित्रपट : अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतल (पुणे, १८८०) व त्यानंतरच्या नाटकांतील पदांना साकी, दिंडी व लावणी यांच्या चाली होत्या. जी लावणी ऐकावयास मध्यमवर्ग जात नव्हता, तिच्याच चालीवरील पदे तो नाट्यगृहात कुटुंबासह ऐकत होता.

विसाव्या शतकात चित्रपटाने लावणीला नवे जीवन दिले. राजकमल कलामंदिराचा लोकशाहीर राम जोशी हा चित्रपट १९४७ मध्ये प्रदर्शित झाला. जयराम शिलेदार यांनी राम जोशीची व हंसा वाडकर यांनी बयाची भूमिका केली, ग. दि. माडगूळकर यांची लेखणी व वसंत देसाई यांचे संगीत त्यास लाभले. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुंदरेची लावणी त्यामुळे पुन्हा सर्वतोमुखी झाली. याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध घातले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. पडद्यावरील लावणी शिष्टसंमत ठरत असताना राहुटीतील लावणीवर नियंत्रण येत होते. व्ही. शांताराम यांच्या अमर भूपाळी (१९५१) या चित्रपटाने होनाजी बाळांची कथा देशाबाहेरही नेली. अनंत माने यांचा सांगत्ये ऐका (१९५९) हा पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. पुढे पिंजरा (१९७२) व नटरंग (२०१०) यांनी ही परंपरा नव्या पिढ्यांपर्यंत पोहोचविली.

चित्रपटातील लावणी आटोपशीर, वाद्यवृंदयुक्त व ठसकेबाज आहे. तिच्यामुळे प्रसार झाला, परंतु बालेघाटीचा संथपणा व बैठकीची अदा मागे पडली. लावणी म्हणजे द्रुत लयीचे नृत्यगीत, ही अलीकडील कल्पना बव्हंशी चित्रपटाने रूढ केली आहे. दुसरीकडे सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांनी डोक्यावरील पदर न ढळू देता केवळ स्वरातून लावणीचा ठसका उभा केला व ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांच्या द्वारा ती मध्यमवर्गीय घरांत नेली.

कलावंत स्त्री : लावणीची मूळ गायकी जतन केली ती संगीत बारीतील व तमाशाच्या फडांतील स्त्रियांनी. वाईच्या यमुनाबाई वाईकर (मृ. २०१८) या बैठकीच्या लावणीच्या श्रेष्ठ गायिका, त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी ढोलकीफडाचा तमाशा आयुष्यभर गाजविला. पुण्यातील आर्यभूषण थिएटर आणि दौंड तालुक्यातील चौफुला ही पुणे परिसरातील या कलेची केंद्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. या स्त्रियांच्या कलेला टाळ्या मिळाल्या, पण त्यांच्या घरांना प्रतिष्ठा मिळाली नाही. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीला विवाह वर्ज्य मानला जाई आणि तिच्या कमाईवर कुटुंब चाले.

या जीवनाची दुसरी बाजू अलीकडील आत्मकथनांतून पुढे आली. लोकशाहीर राम जोशीतील बया रंगविणाऱ्या हंसा वाडकर यांनी सांगत्ये ऐका (१९७०) हे आत्मचरित्र सांगितले. त्याच्या आधारे श्याम बेनेगल यांचा भूमिका (१९७७) हा हिंदी चित्रपट निर्माण झाला. किशोर शांताबाई काळे यांच्या कोल्हाट्याचं पोर (१९९४) मध्ये नाचणाऱ्या आईच्या मुलाचे मनोगत आहे. भूषण कोरगावकर यांच्या संगीत बारी (२०१४) या पुस्तकात लावणी कलावंतांचे जग त्यांच्याच बोलण्यातून उलगडते. पेशवाईत पुरुषकवीने स्त्रीच्या मुखी घातलेले शब्द जिथे थांबले, तिथून हे लेखन पुढे जाते.

योग्यता : शृंगारिक लावणीच्या चिरस्थायी लोकप्रियतेची कारणे तीन प्रकारची आहेत. तिची चाल व ध्रुपदाची बांधणी स्मरणसुलभ आहे. त्यामुळे नाट्यपद, चित्रपटगीत व रंगमंच या सर्वांना ती सहज सामावून घेता आली. तिची भाषा बोलीशी इमान राखणारी आहे. दोन शतकांनंतरही तिचा बराचसा भाग टीपांवाचून समजतो. तिसरे व प्रमुख कारण तिच्या नायिकेचे मोकळे बोलणे हे होय. तिला घडविणारा सैनिकी समाज व तिला पोसणारा दरबार लयास गेले, पण प्रतीक्षा, रुसवा व ओढ हे अनुभव नष्ट झाले नाहीत. कवींची नावे नाममुद्रेमुळे टिकली. त्यांचे शब्द जिवंत ठेवणाऱ्या बहुसंख्य गायिकांची नावे मात्र कोठेही नोंदली गेली नाहीत. लावणीच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना राम जोशी व होनाजी यांच्या प्रतिभेइतकेच या अनाम स्त्रियांचे श्रेय लक्षात घेतले पाहिजे.